चाळीस तारांचं चाक

मिस्त्रींनी पोत्यावर तारा ओतल्या आणि दहा-दहाच्या चार जुड्या केल्या. मागच्या चाकाला चाळीस, पुढच्याला बत्तीस. "पुढं नुसतं हँडल. माणूस, कॅन, सगळं वजन मागं," ते म्हणाले. आयुष्यभर सायकल वापरलेल्या मला हा फरक पन्नाशी उलटल्यावर कळला.

धाराशिव शहरातल्या त्यांच्या पत्र्याच्या दुकानात मी वडिलांच्या सायकलचा सांगाडा घेऊन गेलो होतो. तेरच्या घरी, गोठ्याच्या कुडाला तो कित्येक वर्षं टेकून होता. चुलतभावाला रोज सकाळी दुधाचे दोन कॅन डेअरीवर न्यायचे असतात. बाजारातली कमी किमतीची सायकल त्या वजनाखाली टिकत नाही आणि टिकणारी घ्यायची तर दुधाचे पैसे पुरत नाहीत. म्हणून जुळणीची सायकल. जुन्या सांगाड्यावर हवं तेवढंच नवं बसवायचं.

'हवं तेवढं' म्हणजे किती, हे ठरवण्यातच मिस्त्रींची सकाळ गेली. हात काळे न करता त्यांनी एकही भाग बाद केला नाही. मागचा हब उघडला, रॉकेलनं धुतला आणि कपाच्या आतून नख फिरवलं. नख कुठं अडलं नाही, म्हणजे कपात खड्डा नाही. हब राहिला. कोन मात्र एका बाजूनं खाल्ला होता, तो गेला. छर्रे सगळे नवे, पाव इंची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. रिंगा, तारा, मागचा टायर आणि क्रँकच्या कॉटर पिना नव्या. चिमटा, हँडल, मडगार्ड, पायडल जुनेच. पुढचा टायरही त्यांनी जुनाच ठेवला. माझ्या मनाला ते पटेना. "ते पैसे तारांत घाला," एवढंच म्हणून त्यांनी तो खिळ्याला अडकवला.

सीटखालच्या सांध्याशी केसाएवढी चीर होती. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं पाच मिनिटांत विजेचं वेल्डिंग झालं असतं. मिस्त्री नको म्हणाले. जुन्या सायकलचा पाइप पातळ असतो आणि त्याचे सांधे कारखान्यात पितळानं भरलेले असतात. पितळ वितळतं तेव्हा पोलाद नुसतं लाल होतं, वितळत नाही, त्यामुळं पितळ फटीत शिरून दोन्ही बाजू धरून ठेवतं. विजेच्या वेल्डिंगनं मात्र पातळ पाइप जळतो आणि सहा महिन्यांनी टाक्याच्या शेजारीच तुटतो. गॅसवर पितळ भरून घ्यायला दोन दिवस थांबावं लागलं, पैसेही जास्त गेले. या खर्चाबद्दल त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

सांगाड्यावर खरवडल्यावर पृथ्वी खांद्यावर घेतलेला माणूस दिसू लागला. अ‍ॅटलास. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेली ही कंपनी. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. आमच्या मुलखात सायकल जोडणाऱ्या हातांचा इतिहास त्याहून जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचंच दुकान काढलं होतं, नांगर आणि पंप नंतरचे. पुढं कारखाने मोठे झाले, सुटे भाग लुधियानाहून यायला लागले, पण चाक ताणायला गावोगाव माणूस बसलेलाच राहिला.

चाक भरताना ते बोलत नव्हते. हबच्या भोकांतून एक तार आतून, एक बाहेरून अशा ओवल्या. मग हब हातानं किंचित पिळला, तशा साऱ्या तारा एकदम तिरक्या झाल्या. प्रत्येक तार दुसऱ्या तारांना ओलांडून रिंगेच्या भोकाशी पोचली आणि तिच्यावर निप्पल चढलं. तारा सरळ उभ्या ठेवल्या तर पायडलचा जोर हबपासून रिंगेपर्यंत पोचत नाही. तिरकी तार तो जोर ओढून नेते. हे मला त्यांनी सांगितलं नाही, हब पिळून दाखवलं.

मग आऊट काढायची. चाक सांगाड्यातच अडकवलं, खडू पाइपला टेकवून धरला आणि चाक फिरवलं. रिंग जिथं बाहेर येते तिथं खडूची रेघ उठते. त्या जागी एका बाजूचं निप्पल पाव फेरा आवळायचं, दुसऱ्या बाजूचं तेवढंच सोडायचं. मध्येच ते चाक थांबवून तारा बोटानं छेडत होते. एक तार बद्द वाजली. तिच्याकडं परत गेले. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. मडक्याचं थापटणं संतांच्या डोक्यावर मारून कच्चं-पक्कं ओळखण्याची त्यांची कथा आम्ही पाळण्यापासून ऐकतो, त्यामुळं मला दुसरं काही आठवणं शक्यच नव्हतं.

शेवटी छर्र्यांची परीक्षा. कोन घट्ट केला की चाक जड फिरतं, सैल ठेवला की डुलतं. चाक उचलून सोडून दिलं. ते आपल्या वजनानं हळूहळू मागंपुढं झुललं, जड बाजू खाली घेऊन थांबलं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. मडगार्ड बसवताना मात्र तो पुन्हा उचलला. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा हवी, कारण आमची काळी माती पावसात चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते.

हिशेब कागदाच्या कपट्यावर झाला. सगळ्यात लहान आकडा मजुरीचा होता, एका टायरच्या निम्माही नाही. तीन दिवसांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे बरोबर नाही, असं मी त्यांना सरळ म्हणालो. स्वस्ताई भागांतून थोडी येते, बाकी सगळी या माणसाच्या वेळेतून कापली जाते, आणि ते मला आजही सलतं. ते म्हणाले, "जास्त सांगितलं की माणूस सायकल गोठ्यातच ठेवतंय बघा." मी वर ठेवलेली नोट त्यांनी घेतली, पण तिच्यातून पुढच्या चाकाला जुनाच पण बरा टायर शोधून घातला.

"आठ दिवसांनी मागचं चाक दाखवा. नव्या तारा बसत्यात, ताण उतरतोय."

नवव्या दिवशी भाऊ नुसतं चाक घेऊन एसटीनं आला. मिस्त्रींनी तारा छेडल्या, तीन निप्पलं पाव-पाव फेरा फिरवली आणि चाक परत त्याच्या हातात दिलं. पैसे विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. समोर पंक्चरची दुसरी सायकल उलटी करून ठेवली होती, बाभळीचा काटा अजून टायरमध्येच होता.