आपली ओळ नको, अख्खं पान घ्या

जात पडताळणीचा विषय निघाला की घरोघरी आजोबा-पणजोबांच्या नोंदींचा शोध सुरू होतो. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली. नोंद सापडली की माणूस मोबाइल काढतो, आपली ओळ टिपतो आणि निघतो. दाखल्यापुरतं ते ठीक. पण घराण्याचा इतिहास हवा असेल तर हातचं सोनं तिथेच टाकून आल्यासारखं आहे.

कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, घ्या. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधीच वर्दी दिलेली असते. बापाचं नाव, जात, तारीख, मुलगा की मुलगी, एवढ्यावर काम भागवलेलं. आडनावही गाळलेलं. गावात त्याच नावाचे तीन बाप असतील तर आपला कोणता? त्याचा माग लागतो तो वरच्या-खालच्या ओळींवरून, वर्दी देणाऱ्याच्या नावावरून, दोन-तीन वर्षांनी नोंदलेल्या पाठच्या भावंडावरून. म्हणून अख्खं पान घ्यावं, मागचीपुढचीही घ्यावीत. त्याआधी बुकाचं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावरचं गाव, तालुका, साल. हे फोटो नसले तर चार वर्षांनी ते पान कुठलं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

परवानगी लेखी अर्ज करून आधीच घ्यावी. फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. शाई उडालेली असेल तर उजेड बाजूने, तिरपा येऊ द्या, अक्षरं वर येतात. मोबाइल पानाला समांतर धरा. शिवणीत गेलेली अक्षरं दिसावीत म्हणून बुक दाबून सपाट करू नका, शिवण उसवते. त्या बाजूचा वेगळा फोटो घ्या. बोटाला थुंकी लावून पान उलटणं तर कटाक्षाने टाळावं. स्कॅनिंगचं अ‍ॅप पान काळं-पांढरं करतं, त्यात पेन्सिलीचे शेरे पुसून जातात आणि कडेचा मजकूर कापला जातो. साधा रंगीत फोटो उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरांचा चिखल होतो.

मजकूर मोडी लिपीत असेल तर फोटोची खरी किंमत कळते. जाणकाराला घरबसल्या, मोठं करून वाचता येतं. नोंदीतलं साल शकाचं असेल तर 78 मिळवून इसवी सन काढावा, फसली असेल तर 590; वर्षारंभ वेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. जात पडताळणी समितीपुढे मात्र फोटो चालत नाही, सहीशिक्क्याची नक्कलच लागते. ती मागताना बुकाचं साल आणि पान नंबर फोटोवरून सांगता आला की कारकुनाचंही काम हलकं होतं.

आणि जमिनीची फेरफार नोंदवही विसरू नका. बहुतेक वंशावळींत मुलींची नावं घातलेलीच नसतात. खातेदार वारला की वारसाचा फेरफार पडतो, आणि त्यात बायको, मुलं यांच्यासोबत लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं अनेकदा सापडतात. कधी हक्क सोडल्याच्या शेऱ्यासकट. पणजोबांच्या बहिणी कोणत्या गावी दिल्या, त्यांच्या पोटी कोण झालं, हा धागा तिथूनच पुढे धरता येतो.