अमरकंदाच्या बुळबुळीचा शोध

राजापूर तालुक्यातल्या नाटे परिसराचा जांभ्याचा सडा वैशाखात भाजून निघतो आणि मृग लागला की हिरवा होतो. कोकणातल्या अशा सड्यांवर पावसाळ्यात हबेनारिया प्रजातीच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, फुलतात. पाऊस सरला की पानं वाळतात, झाड कंदाच्या रूपाने मातीखाली तग धरतं. वर्षाची शिदोरी त्या कंदातच असते. सह्याद्रीच्या रानातला अमरकंद, म्हणजे युलोफिया, याच कुळातला. शक्तीसाठी तो खाल्ला जातो.

अशा कंदांच्या बुळबुळीत गरात पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात. सालममिश्रीत, म्हणजे आमरीच्या वाळवलेल्या कंदात, आणि चीनमधल्या औषधी आमरीच्या, डेंड्रोबियम ऑफिसिनेलच्या खोडात त्यातला मुख्य घटक ग्लुकोमॅनन आहे. त्यात ग्लुकोज आणि मॅनोज एकमेकांत गुंफलेले असतात. मात्र त्यांचं प्रमाण, साखळीची लांबी आणि तिला चिकटलेले ॲसिटिल गट जातीगणिक बदलतात. त्यामुळे एका आमरीचं उत्तर दुसरीला लावता येत नाही.

म्हणून प्रत्येक जातीचं पॉलिसॅकराइड वेगळं काढून ओळखावं लागतं, आणि हे काम सावकाशीचं. वाळवलेल्या कंदाची पूड आधी अल्कोहोलमध्ये उकळून मेद, रंग आणि सुट्या साखरा काढतात. उरलेला चोथा गरम पाण्यात ठेवला की पॉलिसॅकराइड पाण्यात उतरतं. गाळलेल्या द्रावणात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतलं की पांढरे तंतू साकळतात. क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉलने प्रथिनं हटवायची, डायलिसिसच्या पिशवीतून बारीक रेणू जाऊ द्यायचे, मग स्तंभातून एकेक अंश वेगळा करायचा. फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाने येणारा नारिंगी-पिवळा रंग ४९० नॅनोमीटरला मोजला की कोणत्या नळीत साखर आली ते कळतं.

खरी ओळख यानंतर पटते. आम्लाने साखळी तोडून कोणत्या साखरा किती, हे क्रोमॅटोग्राफीने पाहतात. मिथिलीकरणाने कड्या कुठे जुळल्या ते कळतं. अवरक्त वर्णपटात १७३० प्रति सेंटीमीटरच्या आसपासची रेघ ॲसिटिल गट सुचवते, तर एनएमआर सांध्यांची दिशा दाखवतो. इतकं झालं की मगच औषधी गुणाचा दावा तपासायचा. एरवी कोणता पदार्थ तपासला, हेच सांगता येत नाही.

अडचण कच्च्या मालाची. कंद उपटला की झाडच संपतं, आणि आमरीचं धुळीसारखं बी रानात बुरशीच्या सोबतीशिवाय रुजत नाही. १९२२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ नुडसन यांनी बुरशीविना, साखरेच्या माध्यमावर ते रुजवून दाखवलं. आमऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या कराराचं नियंत्रण आहेच. शिवाय रानातून गोळा केलेल्या कंदांचं वय, हंगाम आणि जात एक नसते, त्यामुळे निष्कर्षही डळमळतात. काचेत वाढवलेल्या एकाच जातीच्या रोपांचा कंद घेतला, तर प्रयोग पुन्हा करता येतो आणि सडाही उकरावा लागत नाही.