ट्रॉली ओढली जाते, पण थांबते का?

दिवाळी सरली की उसाचा गळीत हंगाम जोर धरतो आणि पुढचे चार-पाच महिने गावोगावचे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. लागण कधी करावी, खत किती द्यावे, पाणी कसे राखावे, याची चर्चा आपण वर्षभर करतो. पण फडातून निघालेला ऊस कारखान्याच्या काट्यावर पोहोचेपर्यंत रस्त्यात काय घडते, याचा विचार अपघात झाल्यावरच होतो. तोपर्यंत कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस गेलेला असतो. म्हणून हंगाम ऐन भरात येण्याआधी या विषयावर चार गोष्टी बोलू.

ओढणे वेगळे, थांबवणे वेगळे

हल्लीचा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दमदार असतो. सपाट डांबरी रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या तो ओढून नेतो. मग चालक म्हणतो, "ओढतोय की, मग काय अडचण?" अडचण तिथेच आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन ते अडीच टनांच्या आसपास. मागे वीस टनांचे ओझे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेकही सहसा मागच्या दोनच चाकांना असतात. म्हणजे सगळा भार त्या दोन चाकांनी रोखायचा.

साधा हिशेब बघा. रस्ता वीस फुटांत एक फूट उतरत असेल, तर वीस टनांचे ओझे जवळजवळ एक टनाच्या जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलते. वेगाचेही तसेच. ताशी २० किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला साडेपाच मीटर जातो, ४० च्या वेगाने ११ मीटर. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. समोर शाळेचे पोर आडवे आले, तर हे अंतर आणायचे कुठून?

उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून गाडी सोडून देणे म्हणजे जिवाशी खेळ. आणखी एक गोष्ट. शेतात वळताना ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल वेगवेगळे वापरतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडलेच पाहिजेत. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकच चाक धरते आणि मागची ट्रॉली फिरून ट्रॅक्टरला आडवा करते. नवी ट्रॉली घेणार असाल तर ब्रेक असलेलीच मागा. चार पैसे जास्त जातील, पण ते वाया जाणार नाहीत.

जोड आणि भरणी

सगळा भार एका पिनेवर असतो. ती पिन योग्य जाडीची हवी आणि तिला खाली क्लिप हवी. पिन हरवली म्हणून सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेणे बंद करा. पिनेचे भोक झिजून लांबट झाले असेल तर भरून घ्या. पुढच्या ट्रॉलीच्या मागचा हुक, त्याचे बोल्ट आणि वेल्डिंग रोज हात लावून तपासा, कारण दुसरी ट्रॉली त्याच्यावरच असते. दांड्याशेजारी एक मजबूत साखळी बांधावी. पिन निसटली तरी ट्रॉली सुटून धावत जाणार नाही.

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. जोड उंच घेतली की चढावर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. फडातल्या चिखलातून निघताना क्लच झटक्यात सोडला तरी तेच होते. पुढे भार हवा म्हणून बॉनेटवर माणसे बसवणे हा त्यावर उपाय नाही. पुढच्या बाजूला लोखंडी वजने लावावीत आणि क्लच सावकाश सोडावा.

दोन चाकी ट्रॉलीत ओझे चाकांच्या किंचित पुढे राहील असे भरावे. मागे जास्त भरले तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ब्रेक असून नसल्यासारखे होतात. मोळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या रचाव्यात. उंच थर लावला की भार वर जातो आणि कालव्याच्या वळणावर ट्रॉली कलंडते. शिवाय वरचा ऊस विजेच्या लोंबत्या तारांना भिडतो, ते वेगळेच.

अंधारातली ट्रॉली

ट्रॉलीचा सर्वांत मोठा धोका रात्री असतो आणि तोही मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला. उसाची वाढी मागे लोंबतात आणि लाल दिवा, रिफ्लेक्टर सगळे झाकून टाकतात. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यात रिफ्लेक्टर लावून देतात, पण चिखलाने ते माखले की पुसायचे कोणी? मागे लाल, बाजूला पिवळे, पुढे पांढरे रिफ्लेक्टर हवेत. ते खालच्या कडेला, वाढी पोहोचणार नाहीत असे लावा. प्रत्येक खेपेआधी ओल्या फडक्याने पुसा. दोन मिनिटांचे काम आहे.

टायर फुटला, एक्सल तुटला तर ट्रॉली डांबरावरून खाली घ्या. ते जमत नसेल तर मागे किमान पन्नास पावलांवर बॅटरी घेऊन माणूस उभा करा. आणि चाकाखाली लावलेले दगड निघताना आठवणीने बाजूला टाका. ट्रॉली निघून जाते, दगड मात्र रस्त्यात राहतात आणि रात्री त्यांच्यावर दुचाकी चढते.

ट्रॉलीच्या दांड्यावर किंवा उसावर कोणीही बसू नये. ऊसतोड मजुरांची लेकरे तर नकोतच. एक हिसका बसला की पडणारे थेट चाकाखाली येते. डेक मोठ्याने लावून गाडी चालवणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हेही चालकाला समजावून सांगा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर म्हणजे ट्रॉली हेही वाहनच आहे. तिची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरइतकाच महत्त्वाचा. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. माल बाजूने, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपये. पण खरा फटका विम्याचा बसतो. शेतीकामासाठी घेतलेल्या विम्यावर भाड्याने वाहतूक केली आणि अपघात झाला, तर भरपाईवरून वाद उभा राहतो आणि बोजा मालकाच्या जमिनीवर येऊ शकतो. म्हणून पॉलिसीवर काय लिहिले आहे, ते हंगामाआधी विमा कंपनीकडे विचारून घ्या.

गावाने काय करावे

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून चालक खेप मोठी करतो. हे खरे असले तरी ऊस आपला, फड आपला आणि रस्ताही आपल्याच गावातून जातो. फडावर शेतकऱ्याने "एवढेच भरा" म्हटले तर ऐकणारे पुष्कळ आहेत.

ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांनी मनावर घेतले तर पैशाशिवाय होणारी कामे बरीच आहेत. वळणावरच्या वेड्या बाभळी तोडून टाकाव्यात. खाली आलेल्या तारांबद्दल वायरमनला लेखी कळवावे. कालव्याच्या पुलाचा कठडा पडला असेल तर तिथे पांढरे रंगवलेले दगड रोवावेत आणि संबंधित खात्याला पत्र द्यावे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा तास ट्रॉल्या गावाबाहेर थांबवाव्यात. रात्री मुक्कामाच्या ट्रॉल्यांसाठी गायरानाजवळ किंवा बाजारतळावर जागा ठरवून द्यावी. हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत चालक आणि मुकादमांना बोलावून हे सांगितले तर कोणी वाईट मानणार नाही.

अपघात झालाच तर आधी १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

ऊस एक दिवस उशिरा गव्हाणीत पडला तर वजनात थोडी घट येईल. ती पुढच्या हंगामात भरून काढता येते. तेव्हा उद्या सकाळी फडावर जाल तेव्हा आधी पिन बघा, मग रिफ्लेक्टर पुसा आणि मगच ट्रॉली रस्त्याला लावा.