भिजलेले दप्तर

बालाघाटाच्या डोंगररांगांत, बाणगंगेच्या काठी वसलेल्या भूम कसब्याची प्रकृती मूळची अवर्षणाची. पावसाची वाट पाहण्यातच ज्याच्या पिढ्या खर्ची पडल्या, त्या मुलखावर 2025 च्या सप्टेंबरात पाणी असे चालून आले की भूम-परंडा भागातील शेतांची माती खरवडून गेली, दावणीची जनावरे वाहून गेली, आणि मुलांची वह्या-पुस्तके, घरातले दस्तऐवज चिखलात कालवले गेले. पंचनाम्याच्या नमुन्यात पीक, जमीन, घर, जनावर यांस रकाने असतात, कागदास नसतो. आणि मदत पदरात पाडून घ्यावयाची तर पहिली मागणी कागदाचीच!

सातबारा आता संगणकावर असल्याने तो पुन्हा काढता येतो, ही सोय मोठीच आहे. परंतु मराठवाड्यातील जुन्या हक्कांचा पुरावा ज्यांत दडला आहे ती 1954 ची खासरा पाहणीपत्रके, निजामी अमदानीतील उर्दू नोंदी आणि मोडी कागद यांची किंमत सरकारदरबारी फार उशिरा उमगली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कुठे कचेऱ्यांतील रुमालांच्या गाठी सुटल्या आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांचा भाव एकाएकी वधारला.

या जुन्या कागदाची जात मात्र चिवट. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात होई तसा हातकागद लांब, बळकट धाग्यांचा असे, आणि शाई काजळीची. काजळी पाण्यात विरघळत नसल्यामुळे खळ धुपून गेली तरी अक्षर बहुधा मागे राहते. उलट कालपरवाच्या रजिस्टरातील निळी शाई पसरून पानभर डाग उरतो, आणि गुळगुळीत आर्ट पेपरवरील ग्रंथाची पाने ओलीच मिटून राहिली तर वाळता वाळता त्यांचा असा ठोकळा होतो की सुरीही आत शिरू नये. कागदावर संकट पाण्याचेच येते असे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप भूमच्याच जिल्ह्यातील उमरगा भागाने भोगला. तेथे दगडमातीच्या भिंतींनी माणसे आणि कागद एकत्रच गाडले. पण ढिगाऱ्याखालचा कोरडा कागद फाटतो, चुरगळतो, तरी वाट पाहतो. ओला कागद वाट पाहत नाही. दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी लागते.

अशा वेळी आपल्याकडे ग्रंथ सरसकट उन्हात पसरतात. कडक उन्हाने पाने वेडीवाकडी होतात, चामड्याची बांधणी तडकते. खरी रीत सावलीची, वाऱ्याची, आणि पानापानांत कोरा टिपकागद घालून तो वरचेवर बदलण्याची आहे. ग्रंथ हजारांनी असतील तर हे कोणाच्याने व्हावे? 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, तेव्हा देशोदेशींच्या तरुणांनी हातोहात ग्रंथ बाहेर काढले. पुढील दशकात ओले ग्रंथ गोठवून ठेवून सवडीने सुकविण्याची पद्धत रूढ झाली. भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला आहे; जे शीतगृह खवा राखते ते दप्तरही राखील, एवढी गोष्ट तहसिलीच्या आपत्ती आराखड्यात लिहून ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.

आपल्याकडील धडा चिपळूणचा. 1864 पासूनचे तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 26 जुलै 2005 च्या पुरात बुडाले, पुन्हा उभे राहिले, 2013 चे साहित्य संमेलन त्याने भरविले, आणि 22 जुलै 2021 रोजी पाणी पुन्हा आत आले. दूर बसून दोष देणे सोपे आहे. परंतु आपली वाचनालये तळमजल्यावर असतात, कारण जागा तेथेच परवडते आणि वयोवृद्ध सभासदांना जिना चढवत नाही.

ग्रंथ टिकविण्याची चिंता भूम तालुक्यासही नवी नाही. तेथील कुंथलगिरीस 1955 मध्ये सल्लेखना (अन्नत्यागाने देहत्याग) घेतलेल्या जैन आचार्य शांतिसागरांनी, मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवलादी ग्रंथांची झीज जाणून, ते ताम्रपत्रांवर कोरविण्याची प्रेरणा दिली होती. तालुक्याच्या वाचनालयास तांबे परवडणार नाही. त्याने निदान सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा आणि दाखलनोंद वहीची एक प्रत दुसऱ्या गावी असू द्यावी. कारण पूर ओसरल्यावर भिजलेल्या ग्रंथांचे निर्लेखन करावयाचे तर तीच वही लागते, आणि मंजुरी येईपर्यंत ते ग्रंथ पोत्यांत भरून कोरड्या कपाटांशेजारी ठेवले, तर त्यांची बुरशी मंजुरीवाचूनच पुढच्या कपाटात जाते.