नगररचना आणि नागरिकांची राखण

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांची वाटणी. रस्ता कोठून जाणार, शाळा व मैदान कोठे होणार, हे त्यात ठरते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने या वाटणीवर हरकत घेण्याचा हक्क नागरिकांस दिला आहे. मुंबईत २०१५ साली प्रारूप आराखड्यावर सुमारे ६५ हजार हरकती-सूचना आल्या. शासनाने तो नव्याने करावयास सांगितले आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा निघाला.

माणगावसारख्या गावी हरकतीची मुदत अवघी ३० दिवसांची. तेव्हा समिती आधीच उभी हवी. एकट्याचे ते गाऱ्हाणे, पन्नासांची ती मागणी, हे संघटनेत मी शिकलो. प्रत्येक प्रभागात पाच जणांनी नकाशा घेऊन जागेवर फिरावे, हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीस हजर राहावे.

परंतु खरी राखण मंजुरीनंतरची. आरक्षित जागा १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. मुलांचे मैदान कोणी रातोरात चोरून नेत नाही. आपण तारीख विसरतो आणि ते जाते. म्हणून आरक्षणांची यादी तारखांसह वाचनालयात टांगा आणि दर वर्षी १ मे रोजी चारचौघांत वाचा.