गावातले घर, अंगणात तलाव. पण खालची जमीन कोणती?

उल्हासनगरचा व्यापारी, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला अधिकारी आणि ठाण्याचे नोकरदार दांपत्य या तिघांच्याही मनात हल्ली एकच चित्र असते. कौलारू घर, नव्याने घासूनपुसून उजळलेली सागवानी दारे, मागे डोंगर आणि अंगणात निळाशार पोहण्याचा तलाव. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडेश्वरच्या वाटेवर किंवा वांगणीच्या बाजूला गेले की असे घर दाखवणारा दलाल भेटतोच. तो आधी तलाव दाखवतो, कागद नंतर. खरेदीदाराने मात्र हा क्रम उलटा करावा.

पहिला प्रश्न असा की घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर? दिसायला दोन्ही घरे सारखीच. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शेतजमीन असेल, तर १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकत घेता येत नाही. हा नियम डावलून केलेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. मग घरही गेले आणि तलावही. महसूल कायद्याला अभिप्रेत असलेले शेतघर हे शेतीच्या सोयीसाठी बांधलेले असते. शनिवार-रविवारच्या विश्रांतीसाठी नव्हे.

सातबाऱ्यावर मालकाचे नाव पाहून समाधान मानू नये. 'इतर हक्क' हा रकाना अधिक बोलका असतो. तेथे खासगी वनाची नोंद असल्यास १९७५ च्या कायद्याचा प्रश्न उभा राहतो. या पट्ट्यात ठाकर, कातकरी समाजाच्या जमिनी अनेक गावांत आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६-अ आले, आणि पूर्वपरवानगीशिवाय झालेले असे व्यवहार अनेक वर्षांनीही उकरले जाऊ शकतात. जुने फेरफार काढून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे वकिलाकडून तपासून घेणे म्हणूनच आवश्यक.

गावठाणातल्या घराची अडचण निराळी. त्याला बहुधा सातबारा नसतो. विक्रेता ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' पुढे करतो. हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नव्हे. (तलाठ्याकडचा '८-अ' हा खातेउतारा वेगळाच, दोहोंची गल्लत नेहमी होते.) एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. तशी पत्रिका झाली असल्यास ती मागावी. जुने घर आजोबांच्या नावावर आणि वारस चार गावांत विखुरलेले, हे चित्र सर्रास आढळते. एका भावाकडून घर घेऊन, रंगरंगोटी करून विकणाऱ्याच्या हाती उरलेल्या वारसांचे हक्क आलेले नसतात. नोटरीसमोरचा साठेकरार किंवा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. हवे ते नोंदणीकृत खरेदीखत.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही अशा घरांचे आकर्षण वाटते. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयांना भारतात निवासी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली गोष्ट वेगळी.

कागद शुद्ध निघाले तरी नदी उरतेच. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते. २६ जुलै २००५ चा तिचा रौद्रावतार या परिसराने पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. रुळांची ही अवस्था, तर 'रिव्हर टच' म्हणून जादा भावाने विकल्या जाणाऱ्या अंगणाचे काय? जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखतो. निळ्या रेषेच्या आतील पट्टा बांधकामास निषिद्ध मानला जातो. निळ्या आणि लाल रेषांमध्ये निर्बंध असतात. त्या नकाशावर आपला गट क्रमांक कोठे येतो, हे इसार देण्याआधी पाहावे.

'आज ना उद्या सगळे नियमित होते,' हा युक्तिवाद या भागात हमखास ऐकू येतो. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला, हे खरे. पण तो त्या शहरापुरता होता. खेड्यातल्या घराला त्याचा आधार नाही.

आता तलाव. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल तलावात ६५ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. एप्रिल-मेच्या उन्हात रोज सात मिलिमीटर पाणी उडाले, तरी ३५० लिटरची घट आली. कोकणात पाऊस मुबलक, पण इथला काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात गावची विहीर तळ गाठते, तेव्हा शेजारच्या अंगणातला भरलेला तलाव गावकऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच. पावसाळ्यात दुसरीच गंमत. 'वापर नाही' म्हणून तलाव रिकामा ठेवला आणि भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब झाली, तर खालून येणाऱ्या दाबाने टाकीला तडे जातात. क्वचित ती वर उचललीही जाते.

नूतनीकरणाचीही हीच तऱ्हा. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. उन्हाळ्यात रंग ताजा असतो, वाळवीही दिसत नाही. जाणकार गवंड्याला बरोबर घेऊन असे घर ऑगस्टमध्ये, दोन दिवसांच्या संततधारेनंतर पाहायला जावे.