संमती नेमकी कशाला?

सात रस्त्याजवळच्या माझ्या कचेरीत गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. ते एका संप्रदायातून बाहेर पडले होते. सुरुवात मोफत ताणमुक्ती शिबिराने झाली. शिबिर कोणाचे, असे विचारल्यावर ‘कोणाचेच नाही, सगळ्यांचे’ असे उत्तर मिळाले. गुरूंचे नाव कळले तोवर घरच्यांशी बोलणे तुटले होते. पुढे प्लॉटचे बक्षीसपत्रही झाले. त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, सही मीच केली. जबरदस्ती कोणी केली नाही. मग फसलो असं म्हणता येतं का?”

हा प्रश्न न्यायालयांना जुना आहे. इंग्लंडमधल्या ऑलकार्ड विरुद्ध स्किनर (1887) खटल्यातली स्त्री 1871 साली एका भगिनीसंघात गेली आणि तिने आपली संपत्ती प्रमुखबाईंच्या हवाली केली. वरिष्ठांच्या परवानगीवाचून बाहेरच्या कोणाचा सल्ला घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता. प्रमुखबाईंनी लबाडी केली, असे न्यायालयाने म्हटले नाही. पण असा नियम पाळणाऱ्या व्यक्तीचे दान मोकळ्या मनाचे धरता येत नाही, असे मानले. आपल्याकडे मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे (1890) या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले. एका वृद्ध शिष्याने परलोकीच्या कल्याणासाठी जवळजवळ सर्व मालमत्ता गुरूला लिहून दिली होती. ते दानपत्र रद्द झाले. करार कायद्याचे कलम 16 याला ‘अनुचित प्रभाव’ म्हणते, आणि बक्षीसपत्रालाही हीच कसोटी लागते.

हे झाले संपत्तीचे. माणूस आत कसा ओढला गेला, त्याचे काय? त्यावरचा गाजलेला निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे: मोल्को खटला, 1988. सॅन फ्रान्सिस्कोत बसची वाट पाहणाऱ्या एका तरुणाला जेवायला बोलावले गेले. धर्माशी संबंध आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात ती माणसे युनिफिकेशन चर्चची होती. शिकवण खरी की खोटी, हे आम्ही तपासणार नाही. पण स्वतःची ओळख लपवून माणूस आत आणला असेल, तर फसवणुकीचा दावा चालेल, असे न्यायालयाने सांगितले.

ही रेघ मला महत्त्वाची वाटते. राज्यघटनेचे कलम 25 श्रद्धेला संरक्षण देते, आणि ते द्यायलाच हवे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथा आणि चमत्काराच्या नावाने होणारी लूट यांना शिक्षा करतो. पण शिबिराच्या फलकावर आयोजकाचे नाव न लिहिणे त्यात बसत नाही. तिथे दिवाणी दावाच उरतो. करार कायद्याच्या कलम 17 नुसार वस्तुस्थिती जाणूनबुजून दडवणे ही फसवणूकच आहे.

इथे एक अडचण येते. ऑलकार्ड खटल्यातली स्त्री तत्त्वावर जिंकली, पण तिला पैसे मिळाले नाहीत. 1879 साली बाहेर पडून तिने दावा लावला 1885 मध्ये. आपल्याकडे दस्त रद्द करून घेण्याची मुदत 3 वर्षांची आहे. खरी हकीकत कळली त्या दिवसापासून ती मोजतात. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलेले महिनेही तिच्यात धरले जातात.

गृहस्थांना मी विचारले, “शिबिर कोणाचं होतं, हे तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी बोटांवर मोजले. 3 वर्षांना 5 महिने कमी होते.

“उद्याच कागद घेऊन या,” मी म्हणालो.